रांग महाराजांची, दोरी आपली

प्रमोशनचं लेटर हातात आणि पोटात गोळा! ‘हे आपल्याला झेपायचं नाही’ या भीतीवर शेगावात एक जुना फंडा चालतो. ऐकायला सोपा, करायला मात्र...

ऑफिसमधलं टेन्शन दोन प्रकारचं. पहिलं, प्रमोशन न मिळाल्याचं. त्यावर कॅन्टीनमध्ये तासभर बोलता येतं, बॉसला शिव्या घालायला चार जण सोबत येतात, कुणीतरी कटिंगचे पैसेही देऊन टाकतं. दुसरं टेन्शन प्रमोशन मिळाल्याचं. ते सांगायची कुठे सोयच नाही. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटलेले असतात, मित्र पार्टीची तारीख मागत असतात आणि तुम्ही रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेले असता. या सगळ्यांना कधी कळणार, की मला यातलं काही येत नाही?

याला इंग्रजीतून आलेलं एक झकास नाव आहे, इम्पॉस्टर सिंड्रोम. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ मध्ये यावर पहिला निबंध लिहिला. त्यांनी दीडशेहून जास्त यशस्वी बायकांशी बोलून काय पाहिलं? डिग्र्या आहेत, हुद्दे आहेत, लोक वाखाणतायत, तरी प्रत्येकीला आतून वाटतंय की आपण जगाला फसवतोय आणि एक दिवस पकडले जाणार. पुढे पुरुषांमध्येही हेच सापडलं. म्हणजे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधला तो आत्मविश्वासाचा धबधबासुद्धा कदाचित रात्री दोनला छतच बघत असतो.

माझी पाळी मार्चमध्ये आली. आमची मॅनेजर नोकरी सोडून गेली आणि तिची चौदा जणांची टीम मी सांभाळावी असं वर ठरलं. चौदापैकी पाच माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यातल्या दोघांनी तर मला जॉइन झाल्यावर काम शिकवलेलं. दहा दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवायचं होतं. पुण्यात अशा वेळी उपाय खूप मिळतात. वर्कशॉप असतं, व्हिडिओ असतात, आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकते’ असं एकवीस वेळा म्हणायचं असतं. मी म्हटलं. आरशातल्या बाईला पटलेलं दिसलं नाही.

मग चार दिवस रजा काढून घरी, खामगावला गेले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कांदा चिरता चिरता निकाल दिला, ‘महाराजांवर सोड.’

विदर्भात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. परीक्षा, लग्न, सोयाबीनचा भाव, गुडघ्याचं ऑपरेशन... सगळं महाराजांवर. मी वैतागले. ‘महाराज काय माझी बजेट शीट भरणार आहेत का?’ आई म्हणाली, ‘ते मला नाही सांगता येत. तुझे काका शेगावात सेवेला आहेत. त्यांना जाऊन विचार.’ खामगाव ते शेगाव अंतर ते केवढं! आमच्याकडचे कितीतरी लोक नवस फेडायला पायी जातात. मी एसटीनं गेले.

ज्यांनी शेगाव फक्त ट्रेनच्या खिडकीतून आणि कचोरीच्या द्रोणातून पाहिलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव मुंबई-हावडा मार्गावर आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी इथे एक तरुण दिगंबर माणूस उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत यांना दिसला. कुठून आला, कुणाचा कोण, काही पत्ता नाही. तेच गजानन महाराज. ८ सप्टेंबर १९१०ला त्यांनी समाधी घेतली. आज त्या समाधीभोवती मंदिर, भक्तनिवास, प्रसादालय, दवाखाने आणि १९८३ मध्ये सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा आहे. हे सगळं स्वच्छ असतं आणि वेळेवर चालतं. तीर्थक्षेत्र म्हटलं की जे चिखल, घासाघीस आणि ‘ताई, इकडून लवकर दर्शन’ आपल्याला अपेक्षित असतं, ते इथे नसतं. पहिल्यांदा येणारी पुण्या-मुंबईची मंडळी त्यानंच आधी चकित होतात. देव त्यांना नंतर दिसतो.

हे चालवतात सेवेकरी. हजारोंच्या संख्येनं असलेले हे लोक ठरावीक दिवसांच्या सेवेला पाळीपाळीनं येतात. पगार नाही. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, आणि समोर कुणीही आला तरी हात जोडून एकच शब्द, ‘माऊली’. मंत्री आला तरी माऊली, रांग मोडणारा आला तरी माऊली. त्या पांढऱ्या कपड्यांत शेतकरी असतात, मास्तर असतात, दुकानदार असतात आणि बँकेतले साहेबही असतात. सेवा मिळावी म्हणून लोक नाव नोंदवून वाट बघतात. फुकट काम करण्यासाठी वेटिंग लिस्ट! आमच्या एचआरला हे सांगितलं तर ती मला रजेवरच ठेवेल.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एसटीतून रिटायर झालेले, आयुष्यभर कॅशच्या हिशोबात गेलेले. दुपारी त्यांची पाळी सुटल्यावर आम्ही मंदिराबाहेर चहाला बसलो. माझं रडगाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि स्वतःची एक गोष्ट सांगितली.

पहिल्या काही सेवांमध्ये त्यांच्याकडे चपला होत्या. टोकन द्यायचं, चप्पल ठेवायची, टोकन घ्यायचं, चप्पल द्यायची. त्यात ते खूश होते. मग एका प्रकटदिनाला त्यांना दर्शनबारीत उभं केलं. तुडुंब गर्दी. कडेवर लेकरं, म्हातारी माणसं, रात्रभर चालून आलेले लोक. एका वळणावर दोरी धरून उभं राहायचं, ठरावीक माणसं पुढे सोडायची, मग दोरी आडवी करायची. एवढंच काम, पण वळण अवघड होतं. तिथे रेटारेटी झाली तर काय, या विचारानं काकांचे पाय लटपटायला लागले.

‘मी सरळ मोठ्या सेवेकऱ्याकडं गेलो,’ काका म्हणाले. ‘म्हटलं, माऊली, माह्याच्यानं हे होत नाही. मले चपलाच बऱ्या. एखादं लेकरू चेंगरलं तं?’

‘मग?’

‘तो म्हने, रांग काय तुमची हाय का? रांग महाराजांची हाय. दोरी तेवढी तुमची. दोरी नीट धरा.’

मी हसले. छान डायलॉग होता, टीशर्टवर छापण्यासारखा. पण काका पुढे जे म्हणाले ते टीशर्टवर मावणारं नव्हतं. त्या मोठ्या सेवेकऱ्यानं नुसता डायलॉग मारला नाही. तो काकांना वळणापाशी घेऊन गेला. एका वेळी किती जण सोडायचे ते मोजून दाखवलं. कुणाला घेरी आली तर कुठल्या बाजूनं बाहेर काढायचं, पाणी कुठे आहे, पुढच्या वळणावरच्या माणसाला हातानं खूण कशी करायची, सगळं सांगितलं. आणि अर्ध्या तासानं परत येऊन बघून गेला.

‘भीती गेली?’ मी विचारलं.

‘कायची जाते बाप्पा! संध्याकाळपर्यंत होती. पन दोरी हातात होती ना, तं भीतीले पाहाले टाइम नाही भेटला.’

हे मला महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे ‘देवावर सोड’ याचा अर्थ बऱ्याचदा हात झटकणं असा होतो. डेडलाइन हुकली, देवाची इच्छा. तयारी न करता प्रेझेंटेशनला गेलो, बघू काय होतं ते. काकांच्या रांगेत असं काहीच नव्हतं. तिथे सोडायचं होतं ते फक्त ‘हे सगळं माझ्या जिवावर चाललंय’ हे ओझं. मोजणी सोडायची नव्हती, पाणी सोडायचं नव्हतं, आणि दोरी तर मुळीच नाही. मालकी वरची, काम आपलं. आपण ऑफिसात नेमकं उलटं करतो. काम टीमवर ढकलतो आणि मालकी छातीशी धरून बसतो.

शेगावात हा धडा गिरवून घेणारा माणूस म्हणजे शिवशंकरभाऊ पाटील. जन्म १९४०चा, ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. शेगावच्याच पाटील घराण्यातले. कित्येक दशकं ते संस्थानचा कारभार बघत होते. मॅनेजमेंटवाल्यांनी त्यांना ‘मॅनेजमेंट गुरू’ म्हणून डोक्यावर घेतलं, पण ते स्वतःला सेवेकरीच म्हणवत राहिले. ते संस्थानात पाणीसुद्धा पीत नाहीत, घरून आणतात, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगितलं जायचं. मला तेव्हा ते जरा अतिच वाटायचं. देवळातलं पाणी प्यायलं तर काय बिघडणार आहे?

आता एका टीमची जबाबदारी डोक्यावर लटकत असताना मी त्याचा वेगळा विचार केला. एवढा पसारा, एवढं दान, एवढे लोक. त्याच्या मध्यभागी बसलेल्या माणसाला दोन मोहांपैकी एक पडतोच. एक म्हणजे ‘हे सगळं माझ्यामुळे’. दुसरा म्हणजे ‘बाप रे, एवढं सगळं माझ्यामुळे!’ पहिल्यातून मस्ती येते, दुसऱ्यातून झोप उडते. पण दोन्हीत ‘माझ्यामुळे’ तोच. घरून आणलेलं पाणी रोज पिणारा माणूस स्वतःला रोज आठवण देत असणार, की हे घर माझं नाही, मी इथे कामाला येतो. यात काय नि किती अध्यात्म आहे ते मोठे लोक सांगोत. मला तरी ती झोप लागण्याची व्यवस्था वाटते.

संध्याकाळी घरी आले तर आई पारायणाला बसलेली. गजानन विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय तिला जवळजवळ पाठ आहेत. ती म्हणाली, ‘तुझ्या त्या इम्पोर्टेड आजाराचा पेशंट यात आहे. पीतांबर.’

पीतांबर शिंपी आठवतो का? विदर्भातल्या मुलांना नक्की आठवेल. बाकीच्यांसाठी सांगते, कारण ही गोष्ट आजच्या कुठल्याही ऑफिसात घडू शकते.

महाराजांच्या भक्तांमध्ये पीतांबर नावाचा एक गरीब शिंपी होता. नाव पीतांबर आणि नेसूचं धोतर फाटकं. महाराजांनी त्याला स्वतःचा दुपट्टा दिला. झालं! बाकीच्या शिष्यांच्या पोटात दुखायला लागलं. साहेबांनी नव्या पोराला मीटिंगमध्ये शाबासकी दिल्यावर जे होतं तेच. टोमणे सुरू झाले. शेवटी महाराजांनीच त्याला सांगितलं, तू आता इथून जा, जगात फीर. म्हणजे बक्षीस मिळालं आणि लगेच बदली!

पीतांबर रडत निघाला आणि कोंडोली गावाच्या रानात पोहोचला. एका आंब्याखाली बसला तर मुंग्या-मुंगळ्यांनी बसू देईना. म्हणून झाडावर चढला, तर तिथेही मुंगळे. या फांदीवरून त्या फांदीवर अशी त्याची वरात चाललेली गुराख्यांनी पाहिली आणि गावात बोभाटा केला. गाव जमलं. कोण रे तू? तो म्हणाला, मी शेगावच्या गजानन महाराजांचा शिष्य. आता गावाला संशय. एवढ्या मोठ्याचं नाव सांगतो आणि असा माकडासारखा झाडावर? ढोंगी असणार! मग त्यांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हा आंबा वठलाय. तू खरा शिष्य असशील तर याला पानं फुटून दाखव. नाहीतर मार खा.

बघा, पॉलिन क्लॅन्सच्या निबंधाच्या किती आधीचं हे! ‘तू खरा नाहीस, मोठ्यांच्या नावावर चालला आहेस’ हे वाक्य आपण रात्री स्वतःला म्हणतो. पीतांबरला ते अख्ख्या गावानं तोंडावर सांगितलं. आणि समोर ठेवलेलं काम असं, की कुणालाच जमणार नाही.

तो काय म्हणाला? ‘मी करू शकतो’ म्हणाला नाही. त्यानं हात जोडून कबूल केलं की माझ्यात तसलं काही नाही. हिऱ्याच्या खाणीत गारगोटीही निघते, तसा मी आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. मला हे भन्नाट वाटलं. स्वतःला हिरा म्हणत नाही, पण खाणही नाकारत नाही! मी कमी आहे, पण ज्यांचा आहे ते कमी नाहीत, एवढ्यावर तो उभा. गाव ऐकेना, तेव्हा त्यानं महाराजांचा धावा केला. आणि पुढचं मला आईनं दोनदा वाचून दाखवलं. त्यानं समोरच्या लोकांनाही गजर करायला लावला. जे मारायला उठले होते तेच त्याच्याबरोबर महाराजांचं नाव घ्यायला लागले. आणि वठलेल्या आंब्याला पालवी फुटली.

चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. मी त्यावर आईशी भांडत नाही, कारण हरते. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कसोटी बघायला आलेल्या लोकांना त्यानं कामात ओढून घेतलं. माझ्या पाच सीनियर्सचे चेहरे डोळ्यांसमोर येऊन गेले.

हा ग्रंथ लिहिणारे दासगणू महाराज (१८६८-१९६२) म्हणजे मूळचे पोलिसातले. फौजदार व्हायची त्यांची फार इच्छा. ती राहिली आणि माणूस कीर्तनकार नि संतचरित्रकार झाला. त्यांची एक गोष्ट साईसच्चरितात येते. ते ईशावास्य उपनिषदाचं मराठीत विवरण करत होते आणि अडले. अर्थच लागेना. शिर्डीला साईबाबांना विचारलं, तर उत्तर मिळालं की पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरी जा, तिथली मोलकरीण सांगेल. विद्वान माणसाची ही चेष्टाच म्हणायची! तिथे भांडी घासणारी एक लहान पोर फाटक्या कपड्यात सुंदर साडीचं गाणं म्हणत होती. तिला नवी साडी मिळाली. एक दिवस ती नेसून मिरवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक्याच कपड्यात, तशीच आनंदात कामाला आली. दासगणूंना अडलेला अर्थ तिथे लागला. लक्षात घ्या, त्यांच्या डोक्यात आकाशातून प्रकाश पडला नाही. त्यांना शिर्डीहून पार्ल्यापर्यंत जावं लागलं आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलीकडे नीट बघावं लागलं.

आपल्या मराठीत तर ‘मला येत नाही’ असं म्हणून काम सुरू करायची परंपराच आहे. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला ज्ञानदेव स्वतःला समुद्राचं माप घ्यायला निघालेल्या टिटवीची उपमा देतात. एवढासा पक्षी, एवढीशी चोच! आणि ते म्हणून झाल्यावर पुढे नऊ हजार ओव्या. म्हणजे टिटवी थांबली नाही. आमच्याकडे लोक फक्त पहिला भाग करतात. ‘मी काय बाबा, साधी माणूस’ म्हणायचं आणि चोच कोरडी ठेवायची. ही नम्रता नाही, हा आळस आहे, निदान घाबरटपणा तरी आहे. हे कडू वाटेल, पण मला तसंच वाटतं.

रजेच्या तिसऱ्या दिवशी शाळेतली एक मैत्रीण भेटली. बुलढाण्याची, ख्रिस्ती घरातली, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती मोठ्या वॉर्डची इन्चार्ज झाली तेव्हा तिचीही हीच अवस्था होती. ती म्हणाली, ‘आमच्याकडे मोशे आहे ना!’ देवानं मोशेला सांगितलं की जा, फारोच्या तावडीतून माझ्या लोकांना सोडवून आण. तर मोशेनं कारणांची यादीच काढली. मी कोण? लोक ऐकतील कशावरून? मला तर धड बोलताही येत नाही, माझी जीभ जड आहे. शेवटी तर, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, इथपर्यंत.

‘मग देवानं त्याची जीभ बरी केली?’ मी विचारलं.

‘नाही ना! तीच तर गंमत आहे. त्याला भाऊ दिला, अहरोन. म्हटलं, बोलायचं काम हा करेल. जीभ तशीच राहिली.’

तिनं वॉर्डचा चार्ज घेताना पहिल्याच दिवशी एका जुन्या सिस्टरला सांगितलं होतं, रजिस्टरचं मला कळत नाही, ते तुम्ही बघा. त्या सिस्टर अजून बघतात.

आता एक कळीची गोष्ट, कारण ती सोडून हा लेख लिहिला तर मला स्वतःलाच खोटं वाटेल. ‘मी कमी पडतेय’ असं वाटणं हे प्रत्येक वेळी मनाचं किंवा श्रद्धेचं दुखणं नसतं. तिघांचं काम एकावर टाकलं असेल, ट्रेनिंग दिलं नसेल, रात्री अकराला फोन येत असतील, तर कमी तुम्ही पडत नाही, माणसं कमी पडतायत. तिथे महाराजांना मध्ये घालू नका. माणसं मागा, नाही मिळाली तर दुसरी नोकरी बघा. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. शेगावचं संस्थानही दवाखाने चालवतंच की.

आमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. माझ्या काकांबरोबर सेवेत असलेल्यांत कापूस-सोयाबीनवालेच जास्त. पाऊस, भाव, कर्ज यांतलं काहीच ज्याच्या हातात नाही अशा माणसाला ‘श्रद्धा ठेव’ हे पुण्यात एसीत बसून सांगण्याची माझी हिंमत नाही. मी काकांना हे विचारलंही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांच्या शेजारी दोरी धरणारा एक जण दोन वर्षं पीक गेल्यावर सेवेला आला होता. त्याला विचारलं, कायले आला? तर तो म्हणाला, घरी नुसता बसलो की मीच सगळं बुडवलं असं वाटत राहतं, इथे सात दिवस माणसं तरी पुढे सरकताना दिसतात. काकांनी यावर काही भाष्य केलं नाही. मीही करत नाही.

चौथ्या दिवशी रात्री मी ‘हो’ कळवलं. त्याच मेलमध्ये दोन गोष्टी मागितल्या. बजेटचं ट्रेनिंग, आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन माझं वळण बघून जावं, म्हणजे एका अनुभवी मॅनेजरबरोबर एक तास. पहिली मिळाली. दुसरीसाठी ‘बघू’ असं उत्तर आलं, तेव्हा मी स्वतःच दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका मॅडमना गाठलं. रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी मी एक वाक्य मनात म्हणते. आईला वाटतं ती प्रार्थना आहे. असेलही. टीम तुमची, दोरी माझी.

भीती गेलेली नाही. काकांची संध्याकाळपर्यंत होती, माझी तिमाही संपेपर्यंत असेल असा अंदाज आहे.

पहिल्या मीटिंगला पाचही सीनियर्स समोर होते. त्यातल्या सगळ्यात जुन्यांनी, ज्यांनी मला सहा वर्षांपूर्वी काम शिकवलं होतं, त्यांनी एका व्हेंडरच्या जुन्या करारावरून खोचक प्रश्न टाकला. खोलीत शांतता. सगळ्यांना माहीत होतं की मला त्याचं उत्तर माहीत नाही. मी म्हटलं, ‘सर, मला हे खरंच माहीत नाही. तुम्ही तेव्हा होता. सांगता का सगळ्यांनाच?’

ते चाळीस मिनिटं बोलले. त्यातली दहा मिनिटं कामाची होती. ती मी लिहून घेतली.